एल्क, चिखल आणि वापसा

मी शिकारी नाही. पण डेन्व्हरच्या आमच्या शेजाऱ्याचा ट्रक ऐन हंगामात बंद पडला आणि माझा पिकअप दारात उभा होता. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी एल्कच्या शिकारीला मीही निघालो, ड्रायव्हर म्हणून. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलंच, पण थोराड जनावर. जायचं होतं कोलोरॅडोतल्याच मीकर गावाच्या पुढे, फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या पायथ्याशी.

शेजाऱ्याने आधी माझ्या टायरवरून अंगठा फिरवला. ‘‘यावर भाजी आणायला जा.’’

दुकानात माझा जीव अडकला मड-टेरेनमध्ये, म्हणजे खास चिखलाच्या टायरमध्ये. केवढाले ठोकळे, मधल्या फटीत बोटं सहज जावीत! त्याने मान हलवली. घट्ट दबलेल्या बर्फावर पकड मिळते ती ठोकळ्यांवरच्या बारीक चिरांमुळे, आणि त्या या टायरला नावालाच. जाताना साडेतीनशे किलोमीटर डांबरी रस्ता, चिखल फार तर वीस. मग मी ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेला टायर दाखवला. तेही नको. ती अक्षरं फक्त नक्षीच्या ठेवणीवर मिळतात. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह मात्र बर्फावरची चाचणी पास झाल्यावरच. शेवटी ते चिन्ह असलेले ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या रस्त्यांना चालणारे, घेतले, आणि तेही जड ओझं पेलणाऱ्या ‘लोड रेंज ई’चे. परतताना तंबू-शेगडीवर मांसाचं ओझं असेल, हा त्याचा आशावाद. रिकाम्या ट्रकला हे टायर इतके कडक, की साध्या खड्ड्यातही दात वाजतात.

वाटेत आय-७० महामार्गावर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरची नक्षी निदान ३/१६ इंच खोल लागते. आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांवर. तिथे बर्फ भुरभुरत होता, पण ट्रक जराही घसरला नाही. मी मनातल्या मनात शेजाऱ्याला नमस्कार केला.

गंमत मीकरनंतर. दुपारी ऊन पडलं, बर्फ वितळला आणि कच्च्या रस्त्याचा चिखल झाला. शंभर पावलांत टायरची नक्षीच दिसेना, चारही चाकं राखाडी चिखलाचे गुळगुळीत लाडू. हवा ४५ वरून २५ वर आणली, ढिम्म. मी उतरलो तर बूट तिथेच आणि पाय वर. ही माती मी ओळखतो! नांदेडकडच्या आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडीचं चाक असंच भरतं, रंग तेवढा वेगळा. पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती.

‘‘मड-टेरेन असते तर?’’

‘‘अजून शंभर पावलं गेलो असतो.’’ त्याने इंजिन बंद करून कॉफी ठेवली. रात्री जमीन गोठेल, पहाटे निघू.

आमच्याकडे याला वापसा म्हणतात, मी सांगितलं. आम्ही माती सुकायची वाट बघतो, तुम्ही गोठायची. त्याने दोनदा ‘वॉप्सा’ म्हणून पाहिलं.

पहाटे चारला रस्ता काँक्रीटसारखा टणक. पुढचे तीन दिवस हाच नेम, ऊन चढायच्या आत गाडी कडक जागी. एल्क दिसले, फार लांबून. मांसाचं ओझं काही झालं नाही.

परतताना ताशी साठ मैलांवर स्टिअरिंग थडथडायला लागलं. माझा चेहरा उतरला, नवे टायर! शेजारी शांत. रिमच्या आत चिखल गोठून बसला होता, चाकाचा तोल गेलेला. मीकरच्या कार वॉशला रांग होती. पुढच्या ट्रकला चकचकीत मड-टेरेन, आणि मालक आत हात घालून काठीने रिम खरवडत होता.