पॉलिशवाल्यांच्या नजरेतून सुटलेली खुर्ची

दिवाळीनंतरचं लोणावळ्याचं काम. बंगल्यामागे उघड्यावर एक टेबल आणि पाच खुर्च्या, लाकूड कॅनडाचं वेस्टर्न रेड सीडर. आधीच्या माणसाने त्यावर घरातल्या कपाटाला मारतात तसं चकचकीत मेलामाईन मारलेलं, एका पावसाळ्यात पोपडे निघाले. मेलामाईन बाहेर चालत नाही हे नवख्या पोरालाही माहीत असतं, पण चमक बघून गिऱ्हाईक लगेच हो म्हणतं ना.

लोकांना वाटतं पाण्याने पॉलिश जातं, पण आधी ऊन मारतं. पारदर्शक थरातून ऊन आत जातं, लाकडाचा वरचा पापुद्रा मरतो, मग पॉलिश धरणार कशाला? त्यात पाणी शिरलं की कोंडतं. मी नखाने उचकटलं तर कात निघावी तशी अख्खी पट्टी हातात आली, मागच्या बाजूला लाकडाचे लालसर तंतू चिकटलेले. स्क्रू साधे लोखंडी, सीडरमधल्या टॅनिनला, म्हणजे लाकडातल्या तुरट द्रव्याला, लोखंड लागलं की काळे डाग पडणारच, तिथे स्टेनलेसच पाहिजे. पायांचे तळ तर कोरेच ठेवलेले, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच वर चढतं. खुर्ची उलटी करायचाही कंटाळा! खरंच राग आला.

मग पंपाच्या खोलीमागे सहावी खुर्ची सापडली. पॉलिशवाले तिला विसरलेले, तोच अख्खा पाऊस तिने उघड्यावर काढलेला. राखाडी पडलेली, वर शेवाळ, स्क्रूचे डाग तिलाही होते. मऊ ब्रशने साबणाच्या पाण्याने धुतली तर लाकूड ठणठणीत.

बंगल्याच्या मालकीणकाकू म्हणाल्या, "मग तुम्ही तरी काही कशाला लावताय?"

२२ वर्षं पॉलिश करतोय, पण असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, सीडर तसं सहज कुजत नाही, पण हा तांबूस रंग हवा असेल आणि चिरा कमी पडायला हव्या असतील तर रंग मिसळलेलं लाकडाचं तेल लावू, दरवर्षी परत लावावं लागेल.

पाच खुर्च्या आणि टेबल खरवडलं, ऑक्झॅलिक ॲसिडने डाग काढले, स्क्रू बदलले. ८० नंबरचा पेपर मारून १२० ला थांबलो, त्यापुढे गुळगुळीत केलं की लाकूड तेल पीत नाही. तेलाचे दोन हात दिले, जास्तीचं पुसून काढलं, पाय ताटलीत तेल ओतून त्यात उभे केले, अर्ध्या तासात ताटल्या कोरड्या. तेलाची फडकी दोरीवर पसरून वाळवली, बोळा करून टाकली तर आपोआप पेट घेतात.

सहावी काकूंनी तशीच ठेवायला सांगितली. पुढच्या दिवाळीनंतर परत जायचंय, तेव्हा सहाही शेजारी ठेवून बघायच्यात.