इस्रायल आळीतली मशीद

अलिबागला आम्ही पाच जण गेलो ते ओहोटीला चालत जायच्या कुलाबा किल्ल्यासाठी. शनिवार किनाऱ्यावरच्या गर्दीत, हॉर्नच्या आवाजात संपला. रविवारी ओहोटीला वेळ होता म्हणून मी एकटीच इस्रायल आळीत शिरले, ज्यूंचं प्रार्थनास्थळ बघायला.

"मशीद बघायचीय?" ओट्यावर बसलेल्या आजोबांनी विचारलं.

"नाही, सिनेगॉग."

"तीच ती. आमचे जुने लोक मशीदच म्हणायचे."

मग आठवलं, मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली बांधलेल्या सिनेगॉगलाही 'जुनी मशीद' म्हणतात.

हे 'मागेन अबोथ', पूर्वजांची ढाल. १८४८ साली बांधलं, १९१० मध्ये पुन्हा उभारलं. सिनेगॉग नव्हती तेव्हा प्रार्थना घराघरांत व्हायची. बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, कथा सुरू होते ती इथून जवळच, नवगावला. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या बुडाल्या. तोंडात राहिली ती 'शेमा इस्रायल' ही प्रार्थना. पुढे तेलाचे घाणे चालवले, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने नाव दिलं 'शनिवार तेली'. मला हे नाव फार आवडतं. त्यांचा शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, गावाने आपल्या भाषेत मान्य करून टाकला होता.

आजोबांनी डोक्यावर ओढणी घ्यायला सांगितलं आणि दार उघडलं. पडद्यामागे सेफेर तोरा, धर्मग्रंथाची गुंडाळी. बाकडी पुसलेली, रिकामी. रोज प्रार्थना होते का, असं मी विचारलं, आणि आजोबा बोटं मोजायला लागले. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.

"मी. धाकटा भाऊ. समोरचा. त्याचा मुलगा, सुट्टी असेल तर..." सहाव्या बोटाशी थांबले. "सणाला मुंबईची मंडळी येतात, तेव्हा भरते."

१८४८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी इस्रायल देश झाला आणि कोकणातल्या अशा आळ्यांतली घरं एकेक करून रिकामी होत गेली. ते उघडं राहिलेलं सहावं बोट अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

बाहेर मित्रांचे फोनवर फोन, ओहोटी लागलीय, चल. मी गेले नाही. किल्ला राहिला.

आजोबांची बहीण इस्रायलमध्ये दिमोनाला असते. "गोड पोह्यांचा मलिदा केला की फोन करते," ते कुलूप लावताना म्हणाले, "आणि विचारते, पोहे आपल्याकडचेच घेतलेस ना?"