थंडी, दिवाळी अंक आणि वाचनालय

दिवाळी संपली की लोक फराळाचे डबे घासून ठेवतात पण वाचनालयाची खरी दिवाळी तेव्हाच सुरू होते, कारण सगळे दिवाळी अंक आलेले असतात आणि ठरावीक रक्कम एकदाच भरली की दोन-तीन महिने एक परत करायचा, दुसरा घ्यायचा, असं चालू राहतं. विकत घ्यायचे म्हटलं तर एकेक अंक तीनशे-चारशेला जातो हो, चार-पाच घेतले की खिसा रिकामा. 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचे संपादक का. र. मित्र यांनी पहिला दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा आहे आणि माझ्या मते ती छोट्या गावांत टिकली ती वाचनालयांमुळेच.

जानेवारीत 14 ते 28 मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, तेव्हा ग्रंथप्रदर्शन, अभिवाचन, शाळेतल्या मुलांसाठी निबंध स्पर्धा वगैरे बऱ्याच ठिकाणी होतं, नंतर 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. मला अभिवाचन सगळ्यात आवडतं, शाल गुंडाळून बसलेली आजी-आजोबा मंडळी आणि मागे दप्तरासकट पोरं, काय मस्त वाटतं!

रत्नागिरीचं नगर वाचनालय तर 1828 पासूनचं आहे, विचार करा. पण गावोगावची बरीच छोटी वाचनालयं सरकारी अनुदान आणि वर्गणीवर कशीबशी चालतात, ग्रंथपालांचा पगार अगदीच तुटपुंजा असतो, म्हणून मनापासून सांगतो, वर्गणी थकवू नका आणि अंक वेळेत परत करा, पुढचा माणूस नंबर लावून बसलेला असतो.