कोठ्याच्या दारातला उजेड

दसरा आटोपल्यावरच्या एका दुपारी, साधारण चारच्या सुमारास, माझी लेक घरामागच्या कोठ्याच्या, म्हणजे गुरांच्या गोठ्याच्या, दारात बसून सीताफळ खात होती. मी कुटाराचे (भुशाचे) पोते घेऊन तिच्यासमोरून जाताना सहज तिच्याकडे पाहिले, तर घरात, अंगणात, शाळेच्या स्नेहसंमेलनात कधीही दिसला नाही इतका तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. गालावरची बारीक लव, ओठाच्या कोपऱ्याला चिकटलेला गर, खालच्या पापणीजवळची फिकट निळसर शीर असे सगळे दिसत होते आणि कशाचीही सावली कशावर पडलेली नव्हती. मी मोबाइल आणायला घरात गेलो आणि परत आलो तोवर सीताफळ संपले होते आणि लेक बकरीच्या मागे धावत सुटली होती, हे लहान मूल असलेल्या कुणालाही सांगायला नकोच.

मात्र त्या दारावर माझा विश्वास बसला. त्यात चमत्कार काही नाही. आमच्या घराची मागची भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, नवरात्राच्या आधी तिला दरवर्षी चुना लागतो, आणि वाडीच्या, म्हणजे परसाच्या, दुसऱ्या टोकाला, बरोबर तिच्यासमोर, कोठा आहे. दुपार कलली की सूर्य कोठ्यामागे जातो, टिनांची सावली दारापुढे दोन-तीन हात पसरते, आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पडलेले ऊन तिथून परत फिरून थेट दारात बसलेल्याच्या तोंडावर येते. उन्हाची धार भिंतीवरच राहते, दारापर्यंत पोचतो तो नुसता उजेड. पाठीमागे कोठ्याचा अंधार असल्यामुळे दावी, टोपली, फवारणीचा पंप, खताची रिकामी पोती ही सारी अडगळ फोटोत येतच नाही. फोटो मोठा करून डोळ्यांत पाहिले तर बुबुळावर त्या भिंतीचा पांढरा चौकोन उमटलेला असतो आणि चौकोनाच्या मधोमध एक काळा ठिपका असतो, तो म्हणजे उकिडवा बसलेला मी. हा चौकोन डोळ्यांत नसला की चेहरा कितीही गोड असला तरी निस्तेज दिसतो, असा माझा पक्का समज आहे.

आमच्या आईला यातले काहीही मान्य नाही. फोटो म्हटला की अंगाला पावडर, डोळ्यांत काजळ, चापून बसवलेले केस आणि दिवाळीचा फ्रॉक हवा, आणि तो सकाळी पूजा झाल्यावर तुळशीसमोर, सरळ उभे राहून काढायला हवा, हे तिच्या दृष्टीने ठरलेले आहे. "समोर तुयस हाय, घरात सोफा हाय, अन् तुले पोरीचा फोटो काहाडाले कोठाच भेटला काय? लोकं म्हनतीन, पोरीले शेणातच वाढोली." सकाळी नऊ वाजता तुळशीपाशी ऊन थेट तोंडावर येते, पोरगी डोळे बारीक करते आणि काजळामुळे ते आणखीच बारीक दिसतात, हे मी तिला समजावून सांगत नाही, कारण तिच्या लेखी तो दोष फोटोचा नसून पोरीचा असतो.

एकदा मात्र मी तिला ज्युलिया मार्गारेट कॅमरन या बाईंची हकीकत सांगितली. त्या १८१५ साली कलकत्त्यात जन्मल्या आणि पुढे इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर राहिल्या. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांना मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा बाईंनी घरची कोळशाची खोली फोटो धुण्यासाठी घेतली आणि काच बसवलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. त्यानंतर महिन्याभरातच त्यांनी एका लहान मुलीचा फोटो काढला आणि त्यालाच आपले पहिले यश मानले. आज तो फोटो जगभरच्या फोटोग्राफीच्या पुस्तकांत छापला जातो. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "कोंबड्या तं हाकलल्या असतीन ना तिनं पयले?" कोठ्यातल्या गाईबद्दल मला पुढे काही बोलता आले नाही.

खरे तर उन्हात उभे राहून फोटो काढण्याची ही रीत आईने स्वतः काढलेली नाही. आमच्या माजघरात एक जुना फोटो टांगलेला आहे. नागपूरला नोकरीला असलेल्या एका काकांकडे अग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता आणि ते सुट्टीत गावी आले की एका रोलमधले बारा फोटो अख्ख्या खानदानात वाटून देत. त्या कॅमेऱ्यात माणसाला ठरवण्यासारखे फारसे काही नव्हते. ऊन की ढग, एवढेच विचारून तो मोकळा होत असे. भिंग साधे, फिल्म आजच्या मानाने संथ, त्यामुळे भरपूर उजेड नसेल तर फोटो काळपट येणार हे ठरलेले. म्हणून सूर्य नेहमी फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हा नियम काकांनी सगळ्या घराला पाठ करून घेतला होता. नियम फिल्मच्या सोयीचा होता आणि तो फिल्मने पाळला. माणसांचे काय झाले ते फोटोत दिसते. आजोबा, आजी, दोन्ही आत्या, मांडीवरचे तान्हे बाळ, सगळ्यांच्या कपाळाला आठ्या आणि सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले आहेत. माझी लेक तो फोटो पाहून विचारते की हे सगळे कुणावर रागावले होते, आणि ज्यांनी बैलालाही कधी तुतारीची आर टोचली नाही ते आजोबा तिच्या मनात कायमचे रागीट होऊन बसले आहेत. फोटोच्या खालच्या कडेला काकांची सावली पडलेली आहे, दोन्ही कोपर बाहेर काढून डोळ्याशी कॅमेरा धरलेली. त्या काकांचे आमच्याकडे असलेले चित्र तेवढेच.

त्यात हे फोटो बहुधा मे महिन्यात निघत, कारण लग्नांसाठी आणि सुट्टीसाठी माणसे तेव्हाच जमत. आमच्या वर्ध्याकडे मेच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली नाहीशी होते. हे पाहायला मौजेचे असते, शाळांमधून मुलांना मुद्दाम दाखवतातही. पण असे वरून पडणारे ऊन कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवरच थांबते, डोळ्यांच्या खोबणीत उतरत नाही. माणसे भरपूर आणि उजेड वाईट, असा तो महिना. त्या वेळी कुणी तरी सगळ्यांना कडुनिंबाखाली घेऊन जाते आणि तिथे वेगळीच पंचाईत होते, कारण पानांच्या फटींतून खाली आलेले उन्हाचे गोल कवडसे एकाच्या गालावर, दुसऱ्याच्या अर्ध्या कपाळावर बसतात. कडुनिंबाची सावली खाट टाकून झोपायला उत्तम असते, चेहऱ्याला तिचा उपयोग नाही.

वाडीतल्या प्रत्येक वस्तूचा रंग अंगावर येतो, हे एकदा लक्षात आले की माणूस थोडा विक्षिप्त होतो. सोयाबीन झाकायला आणलेली निळी ताडपत्री समोर पसरलेली असेल तर हनुवटीखाली निळसर छटा येते, भाजीच्या वाफ्यावरच्या हिरव्या जाळीखाली उभे केलेले मूल आजारी दिसते, आणि लाल विटांच्या रचलेल्या ढिगाजवळ त्याच मुलाच्या गालांना न मागता लाली चढते. शेणाने सारवलेले अंगण उजेड गिळून टाकते. म्हणून फोटो काढण्याआधी मी ताडपत्रीची घडी करून ठेवतो आणि न्हाणीवर वाळत घातलेला लाल टॉवेल आत नेतो. शेजारचे दादा कुंपणावरून हे सगळे पाहतात आणि शेतात इतकी साफसफाई केली असती तर एखादा क्विंटल वाढला असता, असे त्यांचे मत आहे.

माझा खरा हट्ट मात्र वेगळा आहे. लेकीसमोर मी कॅमेरा धरला की मागून कुणीही "हस ना बेटा" म्हणायचे नाही. तेवढे दोन शब्द कानावर पडले की मूल लगेच फोटोचे तोंड करते, ओठ ताणून सगळे दात दाखवते, मान एका बाजूला टाकते, आणि त्यानंतर अर्धा तास तरी त्याचे खरे तोंड परत मिळत नाही. त्यापेक्षा तिला काम दिलेले बरे. भुईमुगाच्या शेंगा फोड, कोंबडीची पिल्ले मोज, माझ्या बोटात काटा आहे का ते पाहा. काटा शोधताना तिची भुवई ज्या गांभीर्याने वर चढते ते कोणत्याही हसण्यापेक्षा मला अधिक तिचे वाटते. पिल्ले मोजण्यात तर एक सोय अशी की ती एका जागी थांबत नाहीत, त्यामुळे मोजणी संपतच नाही.

या बाबतीत माझा आधार घरापासून फार लांब नाही. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला राहू लागले आणि त्यांचे पुतणनातू कनू गांधी यांनी तिथल्या आश्रमात त्यांचे फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा बापूंनी तीन अटी घातल्या होत्या. फ्लॅश वापरायचा नाही, मी फोटोसाठी म्हणून बसणार किंवा उभा राहणार नाही, आणि खर्चासाठी आश्रमाकडून पैसे मिळणार नाहीत. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कनूभाईंनी रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म घेतली आणि याच अटींत राहून वर्षानुवर्षे फोटो काढले. मला नेहमी वाटते की या अटी बापूंपेक्षा लहान मुलांनाच अधिक लागू पडतात, आणि तिसरी अट तर आमच्या घरात न घालताच पाळली जाते. तो रोलीफ्लेक्सही विचार करण्याजोगा आहे, कारण त्यात डोळ्याला कॅमेरा लावत नाहीत, तो पोटाशी धरून वरून काचेत पाहतात. म्हणजे भिंग आपोआपच जमिनीवर बसलेल्या माणसाच्या अधिक जवळ येते आणि फोटो काढणाऱ्याची मान खाली झुकते.

आपला मोबाइल मात्र आपल्याच डोळ्यांच्या उंचीवर राहतो, आणि तिथून काढलेल्या मुलाच्या फोटोत मोठे डोके, त्याखाली आखूड पाय आणि भोवती जमीनच जमीन येते. त्यामुळे धुळीत मांडी घालून बसण्याला इलाज नाही. मांडी घातल्यावरही मोबाइल तोंडाजवळ नेला की नाक फुगते आणि कान मागे जातात. त्यासाठी पाच-सहा फूट मागे सरकून दुपटीचे भिंग निवडावे लागते. मागचे धूसर करण्याची मोबाइलमधली युक्ती मी फारशी वापरत नाही. तिच्या कानामागे सुटलेल्या बटा तो यांत्रिक डोळा निम्म्या कापून टाकतो, आणि त्या बटांसाठीच तर मी फोटो काढत असतो. मागची भिंत लांब ठेवली तर ती थोडीफार आपसूकच धूसर होते. पळत्या मुलासाठी निदान सेकंदाच्या अडीचशेव्या भागाचा शटर हवा, नाहीतर हाताला तीन-चार फिकट हात फुटतात. बाकी यंत्राबद्दल मला फार सांगण्यासारखे काही नाही.

दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो, कोठ्याची सावली तिरपी होते आणि दारातला तो उजेड तासाभरावरून काही मिनिटांवर येतो. त्याच सुमारास सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाची वेचणी सुरू झालेली असते आणि एकेक वेचा घरी येऊन छपरीत साठू लागतो. यंदा कापसाची गंजी खिडकीच्या वरपर्यंत गेली आहे. सकाळी दारातून आत आलेले ऊन त्या गंजीवर पडते आणि तिथून सगळ्या छपरीत पसरते, इतके की कोपऱ्यातल्या पाट्यावरची भाताची शितेही मोजता यावीत. शहरातले फोटोवाले थर्माकोलचा मोठा पांढरा तुकडा धरून जे करतात तेच इथे कापूस करतो, आणि कापसाचा रंग किंचित पिवळसर असल्यामुळे चेहरा अधिक उबदार येतो. परवा लेक गंजीच्या पायथ्याशी पोटावर पालथी पडून सरकी सोलत होती आणि खालून आलेल्या उजेडाने तिच्या भुवयांखालचा सगळा अंधार काढून टाकला होता. पुढ्यात गंजी, केसांत कापसाचे धागे, नखांत सरकीचे टरफल. मी तिच्यासमोर जमिनीवर आडवा पडलो आणि फोटो काढत राहिलो. यातला एक फोटो आईलाही आवडला, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण त्यात शेण नव्हते.

बाबा गंजीकडे वेगळ्या नजरेने पाहतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झालेला आहे, पण आमचा पहिला वेचा पावसात भिजला होता, ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदीत माल घेत नाहीत, आणि दारावर येणारा व्यापारी ओलावा दाखवून जो आकडा सांगतो तो बाबा दुसऱ्यांदा उच्चारत नाहीत. संक्रांतीपर्यंत थांबून पाहू, असे त्यांचे म्हणणे आहे. कापूस जितके दिवस घरात राहील तितकी अंगाला खाज सुटेल, वजनात घट येईल आणि सोसायटीच्या कर्जावरचे व्याज चढेल. छपरीत सध्या उजेड फार चांगला आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.