अर्धी गोळी

मी इंग्रजीतून मराठी भाषांतरं करते, त्यात मेडिकलचं बरंच असतं. मागच्या पावसाळ्यात एका कंपनीचं माहितीपत्रक आलं, नायजेरियाच्या साइटवर जाणाऱ्या आपल्या मराठी कामगारांसाठी, मलेरिया आणि तो होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांबद्दल. आठ पानं, म्हटलं दोन दिवसात उडवू.

त्यात एका ठिकाणी 'पार्शल इम्युनिटी' आलं. सॉफ्टवेअरने आपोआप सुचवलं, 'पक्षपाती प्रतिकारशक्ती'! पार्शलचा तोही अर्थ आहे म्हणा. पोटभर हसून घेतलं, ते खोडलं, 'अर्धवट प्रतिकारशक्ती' लिहिलं आणि पुढे गेले. इथेच माती खाल्ली.

छापायच्या आधी व्हिडिओ कॉलवर दोघा कामगारांना वाचायला दिलं, कंपनीच्या डॉक्टर मॅडमपण होत्या. त्यातले एक फिटर दादा आधी पाच वर्षं लागोसला राहून आलेले, गेली तीन वर्षं इकडेच. ते वाचून म्हणाले, "म्हणजे मला अर्धी आहेच की मॅडम, मग गोळी अर्धी घेतली तरी भागेल ना?"

मला घाम फुटला. डॉक्टर मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "दादा, अर्धी-बिर्धी काही नसते. तिथेच लहानाचे मोठे झालेल्यांना मलेरिया पुन्हा पुन्हा होऊन शरीराला त्याच्याशी लढायची थोडी सवय होते. डास चावला की जंतू रक्तात शिरतातच, कधी ताप न येता नुसते असतात, फक्त जिवावर बेतायची शक्यता कमी. म्हणून तिकडे मलेरियाने जातात ती बहुतेक पाच वर्षांखालची पोरं, त्यांची ही सवय झालेलीच नसते. आणि तो भाग सोडून राहिलं की ती हळूहळू ओसरते. तुम्ही तर तिकडे एसी खोलीत मच्छरदाणी लावून झोपायचात!"

दादा म्हणाले, "मग माझी पाटी कोरी?"

"कोरीच समजा. गोळ्या पूर्ण, निघायच्या आधीपासून ते परत आल्यावरसुद्धा सांगेन तितके दिवस."

मी तोवर शब्दाशीच झगडत होते. इम्युनिटी मूळ लॅटिनमधून, तिथे अर्थ करातून किंवा सरकारी कामातून सूट. राजदूताला खटल्यापासून इम्युनिटी असते तीही सूटच. पण या पार्शलवाल्यात आजारातून सूट कुठाय, फक्त मार जरा कमी बसतो. 'आंशिक' लिहिलं असतं तर चूक नव्हती, पण दादांना त्यातून काय कळणार होतं, डोंबल!

शेवटी ती संज्ञाच काढून टाकली आणि लिहिलं, 'वारंवार मलेरिया होऊन गेलेल्यांना तो पुन्हा होऊ शकतो, मात्र सहसा तितका गंभीर होत नाही. तो भाग सोडल्यावर हे संरक्षण कमी होत जातं. आपल्याला ते आहे असं धरून चालू नका, गोळ्या पूर्ण घ्या.' दादांना परत वाचून दाखवलं, म्हणाले, "हां, आता कळलं."

संध्याकाळी डीटीपीवाल्याचा फोन, दोन शब्दांच्या जागी चार ओळी झाल्यात, चौकटीत बसत नाहीत. म्हटलं डासाचं चित्र काढ.