शेवटच्या रांगेत

रविवार, रात्रीचे साडेअकरा. श्रावण लागून तीनच दिवस झालेत. ताशाचा पट्टा पावसात भिजला, तो पंख्याखाली टांगलाय. ओल्या पट्ट्याचा वास खोलीभर पसरलाय.

शुक्रवारचं आधी लिहून टाकते. कोलशेतच्या प्लॉटवर आमच्या ढोल-ताशा पथकाचा सराव चालू होता. तिसरा हात, म्हणजे तिसरा ठेका, संपत आला आणि मी तिहाई घेतली, एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. ठरलेली नव्हती, आपोआप आली. नोव्हेंबरात तबल्याची विशारद पूर्णची परीक्षा आहे. कोपरखैरण्याला सरांकडे तीनतालातली हीच तिहाई आठवडाभर घोटतेय, झोपेतसुद्धा बोटं चालतात. तबल्यावरची ती काड्यांवर उतरली आणि उतरलीही छान. शेजारच्या दोन ताशांनी माना डोलावल्या. मागे मात्र सगळे ढोल विस्कटले. माझी सम येऊन गेली आणि त्यांची त्यानंतर आली, तीही प्रत्येकाची वेगळी.

पथक चालवणाऱ्या दादांनी हात वर करून वादन थांबवलं. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "उद्या तू ढोल बांध. शेवटच्या रांगेत उभी राहा."

नऊ वर्षं पुढे ताशा वाजवतेय मी. घरी आले आणि आईशीही धड बोलले नाही.

काल ढोल बांधला. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थापी. अर्ध्या तासात डावा तळवा सुजला आणि मनातल्या मनात डग्ग्याची, तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याची, काळजी सुरू झाली. पण खरा धक्का कानाला बसला. पुढचा ताशा तिथं ऐकूच येत नव्हता. म्हणजे आवाज होता, पण त्यातले बोल वेगळे होत नव्हते. मधल्या ढोलांच्या भिंतीपलीकडे नुसती तडतड. शेजारी यंदाच आलेली कॉलेजातली मुलगी होती. माझी धडपड बघून म्हणाली, "ताई, ताशा ऐकू नका. टोलाचा हातोडा बघा." टोल म्हणजे हातोड्यानं वाजवायची धातूची जाड थाळी.

नऊ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

रात्री वहीत हिशोब मांडला. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. आमच्या रांगा लागल्या की पुढच्या ताशापासून शेवटच्या ढोलापर्यंत सुमारे ३५ मीटर भरतात. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग वाटेतच जातो. लय मिनिटाला १६० मात्रांची धरली, तर चौगुणीत, म्हणजे एका मात्रेत चार ठोके घेताना, ताशाचा एक ठोका दहाव्या भागाहूनही किंचित लहान. माझी तिहाई त्या मुलीपर्यंत पोचते, तेव्हा मी अख्खा एक ठोका पुढे गेलेली असते. ती कानावर विसंबून वाजवणार आणि तिचा ढोल माझ्यापर्यंत परत येईतो आणखी एक ठोका उलटणार. सरळ हातात हे खपून जातं, कारण मात्रा लांब असते. टोल मधोमध का उभा करतात, तेही आता समजलं. दोन्हीकडचं अंतर निम्मं होतं आणि हातोडा सगळ्यांना दिसतो. दिसायला वेळ लागत नाही. ठाण्याच्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत कौपिनेश्वर मंदिरापासून जांभळी नाक्याच्या गर्दीत शिरलो की दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आवाज आपटून परत येतो. तिथं मागच्यांचं काय होत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

दादांवरचा राग तिथंच गेला.

तरीही तिहाई घेण्यात माझा मोठेपणा मिरवायचा हेतू होता, हे मला मान्य नाही. ती मला आवडते म्हणून आली. आणि परीक्षा दोनदा पुढे ढकललीय मी. एका वर्षी ताशावाला आजारी पडला म्हणून, दुसऱ्या वर्षी कुणी मागितलं नसतानाही, फक्त नाही म्हणवेना म्हणून. "पथकासाठी" हा शब्द मी स्वतःच स्वतःला ऐकवत राहिले. ऐरोलीचं ऑफिस सुटल्यावर साडेसात ते साडेनऊ रोज सराव, घरी पोचेपर्यंत दहा वाजून गेलेले. मग तबला वाजवायचा कधी? भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ आहे.

आज सराव संपल्यावर दादांना गाठलं. म्हटलं, "दादा, मी मंगळवार, गुरुवार आणि रविवार येईन. बाकीचे दिवस रियाज करणार आहे."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "मग पुढचा ताशा तुला देता येणार नाही. पुढच्या रांगेला रोज यावं लागतं."

"माहीत आहे. मला टोल द्या."

"टोल?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बरं. पण तिथं लय हलली तर सगळं पथक हलतं, लक्षात ठेव."

रिक्षात बसल्यावर रडू आलं, हेही लिहायला हवं. विसर्जनाच्या दिवशी पुढच्या रांगेत मी नसेन. पहिली ललकारी दुसऱ्याच्या काड्यांवर होईल आणि मी मध्ये उभी राहून ती सेकंदाच्या विसाव्या भागानं उशिरा ऐकेन.

माझा ताशा आता पथकातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाकडे जाईल. हात चांगला आहे त्याचा, फक्त घाई करतो. त्याला आधी एकदा शेवटच्या रांगेत ढोल बांधायला सांगणार आहे. मंगळवारी तासभर लवकर बोलावलंय.

पट्टा तोवर वाळेल. त्याचे खांदे अरुंद आहेत, दोन भोकं आत घ्यावी लागतील.