मी वसुलीला आलो नाहीये

फिलिपिन्समध्ये भारतीय माणूस फाटकाशी उभा राहिला की घरातल्यांना एकच शंका येते: हप्ता राहिलाय का? तिथं गल्लोगल्ली मोटरसायकलवरून फिरणारे पंजाबी सावकार आहेत. पाच घ्या, सहा फेडा असा सरळ हिशेब, म्हणून त्या धंद्याचं नावच ‘फाइव्ह-सिक्स’. आणि भारतीय म्हटला की तो पंजाबचा असो, केरळचा असो की माझ्यासारखा पुण्याचा, त्याला सगळे ‘बुम्बाय’ म्हणतात. त्यामुळे पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पाटी असा माझा जामानिमा असूनही मी गल्लीत शिरलो की पोरं आत पळायची, “नानाय, बुम्बाय!” नानाय म्हणजे त्यांची आई. मग आतून दबका आवाज यायचा आणि तेच पोर बाहेर येऊन सांगायचं, आई घरी नाही.

मी तिथं मिशनरी म्हणून गेलो होतो. लोक ज्याला मॉर्मन म्हणतात त्या चर्चचा. पूर्ण नाव लांबलचक आहे, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, आणि २०१८ पासून आमचे वरिष्ठ मॉर्मन न म्हणता पूर्ण नाव वापरा असा आग्रह धरतात. पण इथं वाचणाऱ्याला कळावं म्हणून मॉर्मन. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथनं सुरू केलेलं हे चर्च. मिशनरी म्हणून मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष, बिनपगारी. जगभरात एका वेळी ७० हजारांवर तरुण असे बाहेर असतात.

आमचं घर मुळात ख्रिस्तीच, आजी नगरची. अमेरिकन मराठी मिशनचे गोरे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. आजीचं घराणं त्या चर्चमधलं. आई-बाबा पुण्यात मॉर्मन शाखेत जायला लागले तेव्हा आजीनं वर्षभर बोलणं टाकलं होतं. तिच्या लेखी हे चर्चच नव्हे. शिवाय आम्ही चहा सोडला, हे तिला त्याहून जास्त लागलं. आमच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू चारही बंद. सुनेनं केलेला चहा नातू घेत नाही असं नव्हे, सूनच चहा करत नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी जातोय कळल्यावर म्हणाली, “गोरे इकडे आले ते समजलं. तू कुणाला शिकवायला चाललास रे?” मला उत्तर सुचलं नाही. खरं तर अजूनही नेमकं सुचत नाही.

कागदपत्रांचं काम बाहेरून वाटतं तेवढं अवघड नाही. शाखाध्यक्षांची मुलाखत, ऑनलाइन अर्ज, डॉक्टरची तपासणी, दातांची वेगळी तपासणी, लशी. देश आपण निवडायचा नसतो. एक दिवस ईमेल येतो, त्यात देश, भाषा आणि तारीख. खर्च स्वतःचा. अमेरिकेतल्या मुलांकडून २०२० च्या जुलैपासून महिन्याला ४०० डॉलर घेतात. आमच्यासारख्यांनी ऐपतीप्रमाणे द्यायचे, उरलेला भार चर्चचा निधी उचलतो. बी.कॉम.चं पहिलं वर्ष झालं होतं. सोसायटीतल्या काकांनी विचारलं, “दोन वर्षं फुकट? सी.व्ही.त काय लिहिणार?” बाबा म्हणाले, “टागालोग येते असं लिहील.” टागालोग म्हणजे फिलिपिन्समधली भाषा.

प्रशिक्षणाचा पहिला आठवडा घरूनच, लॅपटॉपसमोर टाय लावून. पुढचे काही आठवडे मनिलाच्या केझोन सिटीतल्या केंद्रात. तिथं सकाळपासून रात्रीपर्यंत टागालोग. मग लागुना प्रांत, सान पाब्लो शहर. सात तळी आणि नजर जाईल तिथं नारळ, त्यामुळे पहिल्या दिवशी कोकणात उतरल्यासारखं वाटलं. दुपारपर्यंत ते वाटणं गेलं, कारण जेवायला द्राक्षरंगी दिनुगुआन होतं, म्हणजे डुकराच्या रक्तातलं कालवण. आजीनं हे पाहिलं असतं तर चहाचं दुःख विसरली असती.

आता आठवडा. आमचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि सोमवारसाठीच चालतो. त्या दिवसाला ‘पी-डे’ म्हणतात, तयारीचा दिवस. धुणं, बाजारहाट, झाडलोट, घरी ईमेल, मिशन प्रेसिडेंटला, म्हणजे त्या भागातल्या मिशनऱ्यांच्या प्रमुखाला, साप्ताहिक पत्र, आणि घरी व्हिडिओ कॉल. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत मिशनरी घरी फोन करायचा तो फक्त नाताळला आणि मदर्स डेला. आमच्या आधीच्या पोरांनी ते कसं काढलं असेल देव जाणे. फिलिपिन्स आपल्यापुढं अडीच तास. मी सकाळी दहाला फोन लावला की पुण्यात साडेसात, आई पोळ्या करत असायची आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. निम्मा कॉल मला स्वयंपाकघराचं छतच दिसायचं. दुपारी चर्चच्या आवारात बास्केटबॉल. तिथं चर्च बांधलं की बास्केटबॉलचं मैदान आलंच. आणि संध्याकाळी सहाला सुट्टी संपते, पुन्हा टाय.

बाकीच्या दिवशी साडेसहाला उठायचं, व्यायाम, आंघोळ, अभ्यास: आधी एकट्यानं, मग जोडीनं. साडेदहाला दिवे बंद. मंगळवारी जवळपासच्या सगळ्या मिशनऱ्यांची बैठक, एक दिवस पुढच्या आठवड्याचं नियोजन. सिनेमा नाही, बातम्या नाहीत, मुली नाहीत. हे सगळं लोक तोंडावर हात ठेवून ऐकतात, पण खरं सांगू, याची सवय पटकन होते. ज्याची होत नाही ती गोष्ट म्हणजे कम्पॅनियन.

मिशनरी कधीच एकटा नसतो. दुसरा मिशनरी नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात पाहिजे, स्नानगृह सोडून. हा दुसरा माणूस आपण निवडत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात, त्यात जोड्या मोडतात, नव्या लागतात. माझा पहिला अमेरिकेतला, आयडाहोचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला. चालण्याचा वेग असा की मी कायम त्याची पाठच पाहिली. त्याच्यासोबत असलं की पोरं इंग्रजीत “हे जो!” ओरडायची, तिथं अमेरिकन दिसला की तो ‘जो’च, आणि मी मागून दिसलो की ओरडणं थांबायचं. दुसरा मिंदानाओचा, म्हणजे देशाच्या दक्षिणेकडच्या बेटावरचा. टागालोग त्यालाही शाळेत शिकूनच आलेली, घरची भाषा बिसाया. त्याला झोपेत बोलायची सवय. मला शांतता लागते आणि त्याला गाणं, तेही फक्त भक्तिगीतांची परवानगी, त्यामुळे तीच सात-आठ गाणी. भांडण झालं तरी बाहेर पडायची सोय नाही, कारण बाहेर पडायचं तर त्याला घेऊनच पडावं लागतं. आम्ही एकदा तळ्याकाठी पूर्ण फेरी अबोल्यानं मारली, दोघं एकमेकांपासून पाच पावलांवर. लोकांना वाटलं असेल प्रार्थना चाललीय.

तरी माझं मत आहे की नियमाला अर्थ आहे. कुणाच्याही घरात एकटा तरुण परका शिरत नाही. आणि घरी फक्त बाई असेल तर आम्ही आत जायचंच नाही, अंगणात बोलायचं किंवा नंतर यायचं.

दारं वाजवणं असं तिथं नसतंच. फाटकाबाहेर उभं राहून “ताओ पो!” अशी हाळी द्यायची. आधी कुत्रं येतं, मग माणूस. तोंडावर ‘नको’ म्हणणारा फिलिपिनो मला फार क्वचित भेटला. “पुढच्या वेळी या” म्हणतात आणि हसतात. पुढच्या वेळीही तेच. आपल्याकडचं “बघू” ज्याला कळतं त्याला हे लगेच कळतं. आयडाहोवाला मात्र प्रत्येक “पुढच्या वेळी” डायरीत तारखेसह लिहायचा आणि त्या तारखेला हजर व्हायचा. काही घरं थेट वाद घालायला बोलवायची, विशेषतः इग्लेसिया नि क्रिस्तोची. हे तिथलंच, १९१४ पासूनचं चर्च, आणि त्यांची वचनं पाठ असतात. मला त्या चर्चा आवडायच्या. हरायचो, पण टागालोग सुधारायची.

आत बोलावलं की मेरिएंदा, म्हणजे मधल्या वेळचं खाणं. घरात काही नसलं तरी पोराला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळून पाव आणि थंडगार रंगीत पेय आणणार. कॉफी नाकारताना फार जीवावर यायचं, कारण पाहुण्यासाठी पुडी फोडलेली असायची. मायलो, म्हणजे चॉकलेटचं पेय, चालतं हे एकदा शाखेतल्या बायकांनी वस्तीत पसरवलं, त्यानंतर सोपं झालं. आणि सावकार नाही हे पटलं की त्याच बुम्बायपणाचा फायदा व्हायचा. म्हाताऱ्या मला बसवून विचारत, तुमच्याकडे हुंडा मुलीचा बाप देतो हे खरं का? अमेरिकन कम्पॅनियनला असले प्रश्न कधी यायचे नाहीत.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते एका खोबरं वाळवणाऱ्या जोडप्यानं. दोघं कित्येक वर्षं एकत्र, चार मुलं, लग्न मात्र झालेलं नाही. तिथं हे सर्रास आहे. लग्नाचा खर्च परवडत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे फिलिपिन्समध्ये मुस्लिमांचा अपवाद सोडला तर घटस्फोटाचा कायदाच नाही. कोर्टातून लग्न रद्दबातल ठरवून घ्यायचं तर वर्षं आणि वकिलाची फी दोन्ही लागतात. त्यामुळे पहिला नवरा सोडून गेलेली बाई दुसऱ्याबरोबर राहते, पण लग्न करू शकत नाही. आणि आमचं चर्च लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना बाप्तिस्मा देत नाही. महिनोन्महिने दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारी, सगळं मानणारी, पण या एका कारणानं अडकलेली माणसं मी पाहिली. यावर मिशनऱ्याकडे उत्तर नसतं. मला तो नियम तेव्हाही जाचक वाटला, आजही वाटतो.

हे जोडपं मात्र सुटण्यासारखं होतं. दोघांचंही आधीचं लग्न नव्हतं. तिथल्या कुटुंब कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार किमान पाच वर्षं एकत्र राहिलेल्यांना लग्नाचा परवाना लागत नाही, प्रतिज्ञापत्र पुरतं. पण जन्मदाखले लागतात, आणि नवऱ्याच्या जन्माची नोंदच नव्हती. उशिरा नोंद करायची तर पुरावा काय? लहानपणी कॅथलिक चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्म्याचा दाखला. म्हणजे आमच्याकडे बाप्तिस्मा घेता यावा म्हणून आम्ही पॅरिशच्या कचेरीत बसलो, आधीच्या बाप्तिस्म्याचा कागद मागायला. तिथल्या बाईंनी आमच्या पाट्या वाचल्या, हसल्या आणि जाडजूड वही उघडून नाव शोधून दिलं. लग्न नगरपालिकेत मेयरसमोर झालं. तोवर माझी बदली केझोन प्रांतात झाली होती, फोटो नव्या जोडीनं पाठवले. बायकोनं पुढे बाप्तिस्मा घेतला. नवरा म्हणाला, लग्न झालं, मला एवढं पुरे.

इथं मराठी वाचकाच्या मनातला प्रश्न येतो, तो मला पुण्यातही येतो: म्हणजे तू लोकांना बाटवत होतास? मी लोकांना माझ्या चर्चमध्ये या असं सांगायलाच गेलो होतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पैसे द्यायला किंवा उसने द्यायला आम्हाला सक्त मनाई, बुम्बाय असलो तरी. अल्पवयीन मुलाला आई-बापांच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा नाही. आणि नाही म्हणणाऱ्यांची संख्या हो म्हणणाऱ्यांच्या कितीतरी पट. एवढं असूनही दर रविवारी रात्री आकडे भरावे लागायचे: किती नवे लोक ऐकताहेत, किती उपासनेला आले, कितींची बाप्तिस्म्याची तारीख ठरली. तो रकाना भरताना मला सेल्समन झाल्यासारखं व्हायचं. काहींना त्यातून जोर येतो. मला नाही आला.

केझोन प्रांतातलं लुकबान मात्र सगळं वसूल करून गेलं. १५ मे रोजी पाहियास असतो. पिकाच्या आभाराचा सण, अख्खं गाव घरांना भाज्या, भाताच्या लोंब्या आणि तांदळाच्या रंगीत पापड्यांनी मढवतं. रस्त्यावर पान्सित हबहब खायचं, म्हणजे केळीच्या पानावरच्या शेवया, चमचा नाही, हात नाही, पान थेट तोंडाला. शर्ट पांढरा. बाकी तुम्ही समजा.

आपल्याकडून कुणी जाणार असेल तर: दात आधी नीट करून घ्या, परदेशात दाढ काढणं महागात पडतं. बूट दोन जोड आणि तळ शिवलेला, चिकटवलेला नको, तिथल्या पावसात सोलून निघतो. हातानं कपडे धुता आले पाहिजेत, कॉलर वेगळी घासायची. कॉलेजकडून खंड घेत असल्याचं लेखी घ्या, परत आल्यावर तोंडी कबुली कुणाला आठवत नाही. आणि मसाला न्यायचा तर सीलबंद पुडक्यातून न्या. माझा घरचा काळा मसाला मनिलाच्या विमानतळावर तिघांनी हुंगून पाहिला, एकाला शिंका आल्या, मग सोडला.